मोठी व्हायला विसरलेली पेशी

दोस्तांनो, शाळेच्या सहलीला तुम्ही कधी वढू बुद्रुकला गेला आहात का? पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघायचं, कोरेगाव भीमाला आत वळायचं, की थोड्याच वेळात शिरूर तालुक्यातलं हे गाव येतं. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी इथे आहे. समाधीपुढे हात जोडताना एरवी गोंगाट करणारी मुलंसुद्धा गप्प होतात. मग बाहेर येऊन डबे उघडले जातात, आणि पुन्हा गलका सुरू!

पुढच्या वेळी गेलात, तर डबा संपल्यावर आजूबाजूच्या शिवाराकडेही जरा नीट बघा. हा सगळा भाग भीमेच्या पाण्यावर पोसलेला. याच भीमेवर वरच्या अंगाला, खेड तालुक्यात चासकमान धरण आहे. त्याच्या कालव्याचं पाणी खेड आणि शिरूर तालुक्यांतल्या शेतांना मिळतं. कालव्यातून पाणी चारीत येतं, चारीतून पाटात, पाटातून सरीत. रात्री-अपरात्री शेतकरी फावडं घेऊन दारं धरतो. एका सरीचं तोंड बुजवतो, दुसरीचं उघडतो. एवढ्या मोठ्या कालव्याला अशा हजारो बारीक वाटा फुटलेल्या असतात.

गंमत म्हणजे, अगदी असंच एक जाळं तुमच्या पोटातही आहे. फक्त ते उलटं चालतं. तिथे पाणी बारीक सऱ्यांतून पाटात, पाटातून चारीत आणि शेवटी मोठ्या नळीत येतं. ओळखलंत? बरोबर! मूत्रपिंड, म्हणजेच किडनी.

बारा बादल्यांचं काम

बरगड्यांच्या खालच्या बाजूला, पाठीच्या कण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आपली दोन मूत्रपिंडं असतात. प्रत्येकाचा आकार साधारण आपल्याच मुठीएवढा. एका मूत्रपिंडात सरासरी 10 लाख अतिशय बारीक गाळण्या असतात. त्यांना 'नेफ्रॉन' म्हणतात. मोठ्या माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळून घेतात. म्हणजे 15 लिटरच्या तब्बल 12 बादल्या! त्यातलं जवळजवळ सगळं पाणी पुन्हा रक्तात सोडलं जातं, आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं.

आता एक कोडं घालतो. मोठ्या माणसाला कर्करोग झाला, की आपण विचारतो, "तंबाखू खात होते का? बिडी ओढत होते का?" पण दोन-तीन वर्षांच्या बाळाच्या मूत्रपिंडातही कर्करोगाची गाठ होऊ शकते. त्या बाळाने ना तंबाखू पाहिलेली, ना बिडी. मग गाठ आली कुठून?

या कोड्याचं उत्तर बाळाच्या जन्माच्याही आधी दडलेलं आहे. ते शोधायला आपल्याला मूत्रपिंडाचं बांधकाम पाहायला जावं लागेल.

तीनदा बांधलेलं घर

आईच्या पोटात बाळ जेमतेम चार आठवड्यांचं असतं, तेव्हा मूत्रपिंडाची पहिली जोडी दिसू लागते. ती काहीच कामाची नसते आणि लवकरच विरून जाते. मग दुसरी जोडी तयार होते. ती काही आठवडे काम करते आणि तीही निवृत्त होते. मासे आणि बेडूक यांचं मात्र आयुष्यभर या दुसऱ्या प्रकारच्या मूत्रपिंडावरच भागतं. आपल्याला लागते तिसरी जोडी. तिचं काम पाचव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं.

ते सुरू कसं होतं? उसाच्या कांडीवरचा डोळा फुटतो ना, तसं! दुसऱ्या जोडीच्या नळीला एक कोंब येतो. शेजारी कोवळ्या पेशींचा एक पुंजका वाटच पाहत असतो. त्या पेशी कोंबाला रासायनिक निरोप धाडतात, "ये, इकडे ये!" या निरोपाचं नाव जीडीएनएफ. कोंबाच्या अंगावर तो ऐकणारा कान असतो, त्याचं नाव रेट. निरोप मिळाला की कोंब पुंजक्यात शिरतो. त्याच्या दोन फांद्या होतात, मग चार, मग आठ...

वहीत करून पाहा: 1, 2, 4, 8, 16 असं दुप्पट करत जा. 10 वेळा केलंत की 1024 येतील, आणि 20 वेळा केलंत की 10 लाखांच्या पुढे जाल. मूत्रपिंडातल्या फांद्या इतक्या काटेकोर हिशोबाने वाढत नाहीत. पण एका कोंबातून एवढा पसारा कसा उभा राहतो, ते यावरून कळेल.

प्रत्येक फांदीच्या टोकाशी कोवळ्या पेशींची एक टोळी असते, आणि तिथे एक मोठा निर्णय चालू असतो. काही पेशींनी मोठं होऊन नेफ्रॉन बनायचं. काहींनी मात्र अजून कोवळंच राहायचं, कारण पुढच्या फांदीला त्या लागणार. सगळ्याच एकदम मोठ्या झाल्या तर काम अर्ध्यात थांबेल. आणि कुणीच मोठं झालं नाही, तर नुसतीच गर्दी होईल! हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे.

गर्भारपणाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत हे बांधकाम पूर्ण होतं. त्यानंतर नवा नेफ्रॉन आयुष्यात कधीच तयार होत नाही. शेवटच्या कोवळ्या पेशीही मोठ्या होतात आणि टोळीचं काम संपतं.

मुकादम कोण?

घराचं बांधकाम चालू असताना गवंडी, बिगारी, सुतार सगळे हजर असतात. पण "आता भिंत उचला," "आता थांबा," हे सांगायला मुकादम लागतो. मूत्रपिंडाच्या बांधकामावर हे काम काही जनुकं करतात.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांची जणू एक जाडजूड वही असते. त्यात सुमारे 20,000 सूचना लिहिलेल्या असतात. एकेक सूचना म्हणजे एकेक जनुक. काही जनुकं स्वतः विटा वाहत नाहीत, ती इतर जनुकांना हुकूम देतात. मूत्रपिंडाच्या बाबतीत असा एक मोठा मुकादम म्हणजे डब्ल्यूटी-1 हे जनुक. त्याचा शोध कसा लागला, ती गोष्ट एखाद्या गुप्तहेरकथेसारखीच आहे.

डोळ्यांनी दिलेला धागा

1899 साली माक्स विल्म्स नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या गाठींवर एक ग्रंथ लिहिला. त्याला या गाठींत विचित्र खिचडी दिसली. थोडं मूत्रपिंडासारखं काहीतरी, थोडं स्नायूसारखं, आणि बरंचसं कच्चं, अर्धवट. त्याने तर्क केला, की गाठीची सुरुवात बाळ पोटात असतानाच्या पेशींतून होत असावी. तेव्हा जनुकांबद्दल कुणाला फारसं काही ठाऊक नव्हतं, तरी त्याचा तर्क अचूक निघाला. म्हणून या गाठीला आजही 'विल्म्स ट्यूमर' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात घटसर्प झालेल्या एका फ्रेंच युद्धकैद्यावर त्याने शस्त्रक्रिया केली. शत्रूच्या देशाचा असला म्हणून काय झालं, रोगी तो रोगीच! पण त्यातूनच विल्म्सला घटसर्पाची लागण झाली आणि 1918 मध्ये तो वारला.

पुढचा धागा मिळाला 1964 साली, अमेरिकेत. रॉबर्ट मिलर आणि त्यांचे सहकारी विल्म्स ट्यूमर झालेल्या 440 मुलांचे कागद तपासत होते. त्यांतल्या 6 मुलांच्या डोळ्यांत बुबुळाचा रंगीत पडदाच नव्हता. एरवी हा दोष पन्नास हजारांत एखाद्या मुलात सापडायचा, आणि इथे 440 मध्ये 6! हा योगायोग कसा असेल? डोळा कुठे, मूत्रपिंड कुठे?

उत्तर असं निघालं, की शरीरात ही दोघं लांब असली, तरी वहीत त्यांच्या सूचना शेजारच्या पानांवर आहेत. 11 व्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा या मुलांत गळालेला होता. त्या तुकड्याबरोबर डोळ्याचं पान गेलं आणि मूत्रपिंडाचंही. तोच तुकडा खोदत खोदत 1990 मध्ये शास्त्रज्ञ डब्ल्यूटी-1 पर्यंत पोचले. डोळ्याचं जनुक, पॅक्स-6, तेही पुढच्याच वर्षी हाती लागलं.

मग 1993 मध्ये एक प्रयोग झाला. डब्ल्यूटी-1 अजिबात नसलेले उंदराचे गर्भ वाढवून पाहिले. काय झालं असेल? गाठी झाल्या? नाही! त्यांना मूत्रपिंडंच आली नाहीत. कोंबच फुटला नाही आणि कोवळ्या पेशी मरून गेल्या.

बघा, किती विलक्षण आहे हे! मुकादम पहिल्या दिवसापासून गैरहजर असेल, तर घर बांधलंच जात नाही. आणि काम ऐन रंगात असताना एखाद्या पेशीतला मुकादम नाहीसा झाला, तर "आता मोठी हो" हा हुकूम त्या पेशीला मिळतच नाही. ती कोवळीच राहते आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहते. आठवलं ना मघाचं वाक्य? नुसतीच गर्दी! तीच गाठ. म्हणजे बाळाच्या मूत्रपिंडातली ही गाठ बाहेरून आलेली नसते. ते एक अर्धवट राहिलेलं बांधकाम असतं.

सायकलचे दोन ब्रेक

आता तुम्ही म्हणाल, "मग अशी गाठ सगळ्यांनाच का होत नाही?" त्याचंही कारण आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. सायकलला दोन ब्रेक असतात ना, तसं. एकाची वायर तुटली तरी दुसऱ्याने सायकल थांबते. एकाच पेशीत दोन्ही तुटले तरच सायकल उतारावरून सुसाट सुटते. अमेरिकेतले डॉक्टर आल्फ्रेड नडसन यांनी हा विचार 1971 साली डोळ्यांच्या कर्करोगाबद्दल आणि 1972 साली विल्म्स ट्यूमरबद्दल मांडला.

नवजात बाळांपैकी साधारण शंभरात एकाच्या मूत्रपिंडात कोवळ्या पेशींचे छोटे पुंजके मागे राहिलेले असतात. त्यातले बहुतेक आपोआप जिरून जातात. प्रत्यक्ष गाठ होते ती दहा हजार मुलांमागे साधारण एकाला, आणि बहुधा वयाच्या पाच वर्षांच्या आतच. शिवाय दोष नेहमी डब्ल्यूटी-1 चाच असतो असंही नाही. पाचात-दहात एखाद्याच गाठीत तो बिघडलेला सापडतो. बाकीच्या गाठींत इतर जनुकं चुकलेली असतात. पण त्यांतलीही पुष्कळशी बांधकामावरचीच माणसं निघाली!

ही चूक होते तरी का? फळ्यावरचं वहीत उतरवताना तुमचा एखादा शब्द चुकतो की नाही? पेशीची एकीच्या दोन होताना सगळी वही पुन्हा उतरवली जाते, आणि कधीतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक वेळा यात कुणाचाच दोष नसतो. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून गाठ होत नाही. कुणाची नजर लागली म्हणूनही नाही. ती संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे अशा मुलाशेजारी खुशाल बसावं, खेळावं, डबा वाटून खावा. आणि शंभरातल्या एखाद-दुसऱ्याच मुलाच्या घरात हा आजार आधी कुणाला झालेला असतो.

पालकहो, हे तुमच्यासाठी

समजा, वढूसारख्याच एखाद्या गावातली तीन वर्षांची चिऊ आहे. ती खाते, खेळते, तिला काही दुखत-खुपत नाही. एक दिवस आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूला काहीतरी घट्ट लागतं. आजी म्हणते, "बेंबी सरकली असंल गं पोरीची. उद्या पोट चोळून घिऊ."

हीच ती वेळ! आजीची माया खरी आहे. पण ही गाठ पातळ पापुद्र्यात बांधलेली असते. जोरात चोळलं, दाबलं तर ती फुटू शकते, आणि मग तिच्या पेशी पोटभर पसरतात. जो आजार एका जागी होता, तो अवघड होऊन बसतो. म्हणून चिऊच्या आईने म्हणायला हवं, "नगं आत्याबाई, आधी दवाखान्यात दावू." आणि आजीनेही "चल, मी येते संगं" म्हणून पदर खोचायला हवा.

या गोष्टी ध्यानात ठेवा:

• लहान मुलाच्या पोटात गाठ लागली किंवा पोट एकाच बाजूने फुगलं, तर ते दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.

• लघवी लाल होणं, कारण नसताना ताप येत राहणं, याकडे दुर्लक्ष करू नका.

• गाठ चोळू नका, डाग देऊ नका, "बघू जरा" म्हणून शेजारणी-पाजारणींना पुन्हा पुन्हा दाबून बघायला देऊ नका.

• बाळाच्या डोळ्यांत रंगीत पडदा नसेल, किंवा शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट मोठी असेल, तर ठरावीक दिवसांनी पोटाची सोनोग्राफी करावी लागते का, हे डॉक्टरांना विचारा.

• पोट फुगण्याची साधी कारणंही पुष्कळ असतात. म्हणून घाबरू नका. पण साधं आहे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

अंगणातलं फूल, शेतातली माती

आता चांगली बातमी. ज्या देशांत मुलं वेळेवर उपचाराला येतात आणि उपचार पूर्ण घेतात, तिथे या आजाराची 100 पैकी सुमारे 90 मुलं बरी होतात. आणि त्यासाठीची दोन मुख्य औषधं आली कुठून, माहीत आहे? एक आपल्या अंगणातल्या फुलातून, दुसरं मातीतून!

सदाफुली तुम्ही पाहिलीच असेल. गावात दारोदार असते, गुलाबी, पांढरी. तिच्यात व्हिंक्रिस्टीन नावाचं द्रव्य असतं. ते भरभर वाढणाऱ्या पेशींना दुभंगू देत नाही. पानांचे ढीगच्या ढीग वापरावे, तेव्हा कुठे चिमूटभर औषध मिळतं. पण खबरदार! सदाफुलीची पानं-फुलं खाऊ नका, तिचा काढाही करू नका. ती विषारी असते. शुद्ध करून, मोजून, दवाखान्यातच शिरेतून दिलं, तरच ते औषध.

दुसरं औषध ॲक्टिनोमायसिन. पहिल्या पावसात मातीला जो सुवास सुटतो, तो मातीतल्या सूक्ष्म जिवांमुळे. त्यांच्याच भाऊबंदांपासून 1940 साली सेलमन वॅक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे द्रव्य मिळवलं. 1950 च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी ते विल्म्स ट्यूमरच्या मुलांना दिलं, आणि शस्त्रक्रियेनंतरही हातातून जाणारी मुलं वाचू लागली.

आज पुष्कळ ठिकाणी आधी काही आठवडे औषधं देऊन गाठ लहान करतात, मग ती मूत्रपिंडासकट काढतात, आणि नंतर पुन्हा औषधं देतात. काही मुलांना किरणोपचारही लागतात. "म्हणजे एकच मूत्रपिंड उरणार?" हो. पण एक धडधाकट मूत्रपिंड दोघांचं काम सांभाळून घेतं. अशी मुलं शाळेत जातात, पळतात, खेळतात. फक्त रक्तदाब आणि लघवीची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते.

परळची वाट

आपल्या महाराष्ट्रात या उपचारांचं एक मोठं ठिकाण म्हणजे मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून 1941 मध्ये हे रुग्णालय उभं राहिलं. 1962 पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातून मुलं इथे येतात. लांबून आलेल्या घरांना मुंबईत राहायचं कुठे, हा मोठा प्रश्न असतो. त्यासाठी सेंट ज्यूड संस्था 2006 पासून अशा मुलांची आणि आई-बाबांची विनामूल्य राहण्याची सोय करते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारलं, की वाट दाखवणारं माणूस भेटतं.

आपल्याकडे दोनच गोष्टी फार घात करतात. एक, उशिरा येणं. दुसरी, गाठ काढली, मूल हसू-खेळू लागलं, की "बरं झालं आता" म्हणून उरलेली औषधं सोडून देणं. पेरणी, खुरपणी झाली म्हणून राखण न करता रान सोडून देतं का कुणी?

बरं झालेल्या मुलांचं पुढे काय होतं, तेही कुणीतरी पाहायला हवं. म्हणून 1991 मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने, उपचार संपलेल्या मुलांसाठी खास तपासणीचा दवाखाना सुरू झाला. पुढे 2009 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने बऱ्या झालेल्या मुलामुलींनी स्वतःचाच एक गट काढला. नव्याने आजारी पडलेल्या मुलांना ते धीर देतात, "आम्हीही यातून गेलोय. तूही बरा होशील."

त्या गटाचं नाव काय असेल? 'उगम'!

वढूच्या शिवाराला पाणी देणारी भीमा उगम पावते ती भीमाशंकरच्या डोंगरात, अगदी बारीक धारेने. आपलं मूत्रपिंडही उगम पावतं ते एका इवल्याशा कोंबातून. कधीतरी तिथे एखादी पेशी मोठी व्हायला विसरते. पण तिच्यामुळे चिऊने मोठं व्हायचं थांबायला नको. त्यासाठी आंघोळ घालणाऱ्या हाताने वेळीच ओळखायला हवं, आणि चोळायला निघालेल्या हाताने वेळीच थांबायला हवं.

आज घरी गेलात की एवढं एकच आईला आणि आजीला सांगाल ना?